कादंबरी न लिहिणाऱ्या बाईबरोबर

जालना

"अजिंठा नको," ओर्नेल्ला म्हणाली, तेव्हाच मी पुढचा सगळा प्रवास ओळखायला हवा होता.

मुंबईत एका साहित्यसंमेलनासाठी तिला बोलावलं होतं. मी तिची मराठी अनुवादक आणि त्या दिवसांपुरती दुभाषी. तिच्याजवळ चार दिवस मोकळे होते. वेरूळ, अजिंठा, परतताना पैठण असा बेत मी मन लावून आखला होता. तिनं तो नीट ऐकून घेतला, मान डोलावली आणि म्हणाली, "आपण त्या गावाला जाऊ. जिथं बायका भांडल्या."

यात थोडा दोष माझाच. तिची 'उतार' नावाची कथा मी मराठीत करून एका दिवाळी अंकाला दिली होती. मग एके दिवशी फोन आला. पिंपळगाव रेणुकाईहून कैलास सर बोलत होते. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आता गावात छोटं वाचनालय चालवतात. दर एकादशीला देवीच्या मंदिरात बायांना काहीतरी वाचून दाखवतात. म्हणाले, "ताई, तुमची कथा वाचली अन् बाया भांडून राह्यल्या ना! म्हणत्यात, पुढचं पान फाटलंय का?" मला हसू आलं. ओर्नेल्लालाही हसू येईल म्हणून तिला सांगितलं. ती हसली नाही. तिनं गावाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवं. मध्य इटलीतल्या डोंगरातल्या एका गावी ती पोस्टाच्या खिडकीत बसायची. चाळिशी ओलांडल्यावर पहिली कथा छापली. मग तीन संग्रह आले. तिसऱ्याला मोठा पुरस्कार मिळाला आणि तिथून तिची पंचाईत सुरू झाली. सगळे विचारू लागले, कादंबरी कधी? शेवटी प्रकाशकाच्या आग्रहाखातर तिनं एक लिहिली. ती कुणाला आवडली नाही, तिला स्वतःला तर मुळीच नाही. त्यानंतर कित्येक वर्षं एक ओळसुद्धा नाही. आता मिलानच्या एका बड्या प्रकाशकाला 'उतार'ची कादंबरी करून हवी होती. करार तयार होता, आणि याच आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. हे सगळं तिनं मला मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला येताना विमानातच सांगितलं होतं.

मी मात्र तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. पुण्यातले माझे प्रकाशक म्हणाले होते, "नुसत्या कथा कोण घेतं? कादंबरी येऊ द्या, तिच्या जोडीनं कथाही काढू." बारा वर्षं मी हिच्या कथा मराठीत करते आहे. दिवाळी अंकांत त्या येतात, फराळ संपतो तशा संपतात. माझ्या नावाचं एकही पुस्तक नाही. तेव्हा ती कादंबरी मला तिच्यापेक्षा जास्त हवी होती.

तर आम्ही अजिंठा सोडून जालन्याला गेलो. गाडी मुख्तारभाईंची. साठीचे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं दखनी. निघाल्यावर थोड्याच वेळात त्यांनी आरशातून मला विचारलं, "ताई, ये मॅडम काय लिहित्यात?"

"गोष्टी. छोट्या छोट्या."

"छोट्याच का? बड्या का न्हाई? कलम तर तेच लागतंय, खर्चा काय जादा येतो का?"

ओर्नेल्लाला हे भाषांतर करून हवं होतं. केलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांना सांग, मिलानमध्येही हेच विचारतात."

जालन्यात एका महाविद्यालयात तिचं व्याख्यान ठेवलं होतं. सभागृहाच्या दारावर भलाथोरला फलक: 'इटलीच्या थोर कादंबरीकार यांचे हार्दिक स्वागत'. तिचं नाव नव्हतंच. मी प्राचार्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, या कथाकार आहेत." ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना कमी लेखणं बरं दिसत नाही."

मग शाल, नारळ, रोप, दीपप्रज्वलन. दिवा वाऱ्यानं तीनदा विझला. मग प्रास्ताविक, परिचय, परिचयाच्या परिचयासारखं अजून एक भाषण. ओर्नेल्लाची पाळी आली तेव्हा मुलं जेवणाच्या वासानं चुळबुळत होती. तिनं पानभराची एक कथा वाचली, मी तिचं मराठी वाचलं, आणि ती खाली बसली. लोक बराच वेळ वाट बघत राहिले. कथा संपली आहे हे कुणाच्या लक्षातच येईना. प्राचार्य समारोपात म्हणाले, की आजची झलक उत्तमच होती, संपूर्ण कलाकृती लवकर वाचायला मिळो. मी याचं भाषांतर केलं नाही. ती म्हणाली, "शब्द न कळताही कळलं मला."

पिंपळगाव रेणुकाई

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस भरत ओळीनं पुढं सरकत होत्या, मागं तुरी पिवळ्या पडल्या होत्या. सुंदर होतं, पण मला ते धड बघता येईना. कारण ही बाई जिथं शेळ्या दिसतील तिथं गाडी थांबवायची. शेळ्या इटलीतही असतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "असतात, पण त्या माणसांशी इतकं बोलत नाहीत." मुख्तारभाई तिच्या बाजूचे. "देखने दो ना ताई, जल्दी काय हाय?" जल्दी मलाच होती. भोकरदनच्या पुढं अजिंठ्याकडं जाणारा फाटा गेला, तेव्हा मी तोंडानं काही बोलले नाही, पण मान त्या बाजूला वळवून बसले.

कैलास सरांच्या घरी जेवण होतं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हिला तिखट झेपणार नाही म्हणून सरांच्या पत्नी दह्याची वाटी घेऊन उभ्याच होत्या. ओर्नेल्लानं ठेचा तीनदा मागून घेतला. दही शेवटी मला लागलं. तेवढ्यावरच भागलं नाही. दुपारभर मी सरांच्या घरी पोट धरून पडले, आणि पाहुणी मात्र परसात मिरच्यांचे देठ खुडत बसली. मधूनमधून कुणीतरी मला उठवायला येई: "ताई, बाई काय म्हणून राह्यल्यात, कळंना." मी आतूनच ओरडून सांगे. एकदा तर ती फक्त एवढंच विचारत होती, की ही मांजर गाभण आहे का.

संध्याकाळी देवीच्या मंदिराच्या सभामंडपात बाया जमल्या. धनगर, कुणबी, कुंभार घरच्या, चारदोन मुसलमान बायाही कडेला टेकून बसलेल्या. कैलास सर म्हणाले, "कथा परत एकदा वाचू. नव्या बाया आल्यात."

मी वाचायला बसले. तेरेसा नावाची म्हातारी डोंगरात एकटी राहते. मुलगा दूर जर्मनीत. तो म्हणतो, गाय विकून टाक आणि माझ्याकडं ये. तिच्याकडं एकच गाय उरलेली. पहाटे ती गाईला घेऊन खालच्या बाजाराकडं उतार उतरू लागते. वाटेत गाय दोनदा थांबते, म्हातारीही तिच्याबरोबर थांबते. बाजारात गिऱ्हाईक भेटतं, भाव ठरतो. तो माणूस दावं घ्यायला हात पुढं करतो. कथा तिथं संपते.

मी कागद खाली ठेवला.

"मंग?" एक बाई म्हणाली.

"मग काही नाही. एवढीच आहे."

"आसं कसं? दिली का न्हाई दिली?"

झालं. मंडपात एकच गलका. एकीचं म्हणणं, दिली नसणारच, लेकराच्या घरी कोण सुखी झालंय? दुसरी म्हणाली, न देऊन करती काय, म्हातारपणी शेण काढायला अंगात बळ नको? रझियाबी नावाच्या एक पोक्त बाई ठासून म्हणाल्या, "उसने देना नहीं था तो गाय को लेके निकलीच कायको? निकली मतलब दिल में आधी बिक गई." त्यावर चौघी त्यांच्यावर तुटून पडल्या. ओर्नेल्ला माझ्या कोपराला ढोसत होती, "ती काय म्हणाली? आणि ही? ती निळ्या लुगड्यातली?" एका वेळी बारा जणी बोलत असताना कुणाचं काय सांगू? मी प्रत्येकीचं तीनतीन शब्दांत सांगत सुटले. ती म्हणे, "एवढंच? इतका वेळ तर बोलत होती!"

इतक्यात खांबाला टेकून बसलेली एक बाई बोलली. सडपातळ, उन्हानं काळवंडलेली, हातात काठी तशीच. "दिली तिनं," ती म्हणाली. "दावं हातात ठिवलं, अन् माघारी न बघता घरला आली."

"तुला काय म्हाईत गं गयाबाई?" कुणीतरी विचारलं.

"मला न्हाई म्हाईत तर कोणाला? मी इकल्या ना माझ्या शेळ्या. समद्या. पोरगा म्हनला, चल वाळूजला. गेल्ते का न्हाई?"

सरांनी हळूच माझ्या कानाशी सांगितलं, की गयाबाई मुलाकडं वाळूजला, कारखान्यांच्या भागात, राहायला गेल्या होत्या आणि काही महिन्यांनी एक दिवस एकट्याच परत आल्या. आता दुसऱ्यांच्या शेळ्या राखतात. का परतल्या ते गावात कुणालाच ठाऊक नाही, मुलगाही सांगत नाही.

मी हे ओर्नेल्लाला सांगितलं. ती एकदम सरळ बसली. "तिला विचार," ती म्हणाली. "का परत आली?"

मला विचारायचं नव्हतं. भरल्या मंडपात परक्या बाईनं असं विचारावं हे मला बरं वाटेना. पण ओर्नेल्ला माझ्या तोंडाकडंच बघत होती, आणि गयाबाईही. मी शक्य तितकं मऊ करून विचारलं.

गयाबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. रागावल्या नव्हत्या. "बाईला म्हनावं," त्या म्हणाल्या, "तुमी दाव्यापाशी थांबल्या. म्या काय इचारलं का, पुढं काय झालं? तुमाला सांगायचं नसंल, नसंल. मंग मीबी तिथंच थांबते. पुढचं माझं हाय."

आणि काठी टेकत उठून त्या निघून गेल्या.

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. ओर्नेल्लाचे डोळे भरून आले. बायांना वाटलं, गयाबाईनं पाहुणीचा अपमान केला. त्या गयाबाईवर चिडल्या, मग पाहुणीची समजूत काढू लागल्या. एकीनं तिच्या ओटीत खोबरं घातलं. "मनावर नका घेऊ बाई, ती हायेच तशी." ती ओटी सावरत रडत होती आणि हसतही होती, आणि सगळ्या जणी माझ्याकडं बघत होत्या, की हिला झालं तरी काय? मी काय सांगणार? मला स्वतःला तेव्हा कळलं नव्हतं.

धावडा

सकाळी कैलास सर आम्हाला धावड्याजवळच्या त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात हुरडा खायला घेऊन गेले. थंडी होती. मेव्हण्यांनी खड्ड्यात शेणीचा विस्तव केला होता. त्यात ज्वारीची हिरवी कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. मी काल दुपारपासून उपाशी होते, म्हणून निवांत खात होते. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर निळे दिसत होते. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले.

ओर्नेल्ला बांधावर उभी राहून फोनवर बोलत होती. जरा लांब होती, पण ती फोनवर ओरडूनच बोलते. "नाही," ती म्हणत होती. "नाही, विचार करून सांगते आहे. तेरेसा बाजारातच राहील. पुढचं तिचं आहे." मग पलीकडचं ऐकत ती थांबली, आणि म्हणाली, "मग नका छापू." फोन बंद करून ती विस्तवाजवळ आली आणि हात शेकत सरांना खुणेनं अजून एक कणीस मागू लागली.

"काय केलंस?" मी विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं."

"नाही म्हणजे?"

"कादंबरी नाही. कालच ठरलं माझं, त्या बाई उठून गेल्या तेव्हा. मी इतकी वर्षं या लोकांना कारणं देत बसले. त्या बाईंनी एकही दिलं नाही."

माझ्या हातात गरम दाणे होते. ते तसेच राहिले. मग मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की तुला नाही म्हणायला काय जातं, तुझे तीन संग्रह आहेत, पुरस्कार आहे. माझं काय? बारा वर्षं तुझं एकेक वाक्य मी मराठीत घोळवते आहे, आणि तू एका फोनवर माझं पुस्तक घालवलंस. हे मी इटालियनमध्ये सुरू केलं आणि मराठीत संपवलं. राग फार आला की मला परकी भाषा पुरत नाही.

सर आणि त्यांचे मेव्हणे विस्तवाकडं बघत बसले. मुख्तारभाई उठून गाडीची काच पुसू लागले.

"कुठलं पुस्तक?" ओर्नेल्लानं विचारलं.

मी सांगितलं. पुण्याचे प्रकाशक, त्यांची अट, सगळं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तुला गावातली मांजर गाभण आहे का तेही विचारायचं होतं. माझं काय चाललंय, ते नाही विचारलंस."

मला वाटलं, आता म्हणेल, थांब, परत फोन करते. तिनं हातातला फोन जमिनीवर ठेवला. "खरं आहे," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं." तिनं पुन्हा विस्तवाकडं हात केले. "पण विचारलं असतं तरी आज मी नाहीच म्हणाले असते. तेव्हा तुझ्याशी खोटं बोलत नाही."

याहून चीड आणणारं दुसरं काही असू शकत नाही. माणूस खोटं बोलला तर निदान त्याला धरता तरी येतं.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी बोललो नाही. वाटेत शेळ्यांचा कळप आला. मुख्तारभाईंनी सवयीनं गाडी थांबवली, पण ती उतरली नाही. "चलिए," ती म्हणाली. हा शब्द तिनं त्यांच्याकडूनच उचलला होता. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "ताई, क्या हुआ? झगडा?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "बिलकुल न्हाई वाटून राह्यलं." पुढच्या गावात त्यांनी न सांगता दोन चहा आणून आमच्या हातात दिले आणि दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवून लांब जाऊन उभे राहिले. चहा फार गोड होता. ओर्नेल्लानं तोंड वाकडं केलं, मीही केलं, आणि एकमेकींकडं लक्ष गेल्यावर हसण्यावाचून इलाज उरला नाही. पण समेट वगैरे काही झाला नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर तिनं मला घट्ट मिठी मारली. मी मारली नाही, नुसती उभी राहिले.

पुण्यात

मिलानच्या प्रकाशकानं तिचा नाद सोडला. जुन्या कथांच्या नव्या आवृत्तीचं बोलणं चाललं होतं, तेही थांबलं. हे तिनंच फोन करून सांगितलं. तिच्या आवाजात दुःख होतं, पश्चात्ताप नव्हता. मीही अजून धुसफुसत होते, त्यामुळे संभाषण फार लांबलं नाही.

मग मी पुण्याच्या प्रकाशकांकडं गेले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मग आता काय? नुसत्या कथा. बरं, तुम्ही एक करा. त्या 'उतार'ला पुढं वाढवा की. तुम्हाला बाईंची शैली येते. म्हातारी जर्मनीला जाते, सुनेशी पटत नाही, परत येते. वाचकाला समाधान मिळतं. त्यांना कुठं मराठी कळतंय?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. कव्हर, आत माझं नाव, सगळं. आणि पुढच्याच क्षणी मी टेबलावर हात आपटून बोलत होते. म्हातारीनं काय केलं ते तुम्हाला कशाला हवं आहे? दाव्यासाठी हात पुढं झाला, तिथं बारा बाया भांडल्या. तुमच्या किती कादंबऱ्यांवर कुणी भांडलंय? बाहेरच्या खोलीतली माणसं आत डोकावली. ते म्हणाले, "अहो, शांत व्हा, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय." मी म्हटलं, "कळतंय मला, म्हणूनच राग येतोय." त्यांच्या टेबलावरची माझी फाईल उचलली आणि चहा न पिता बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की बारा वर्षांत मी एकाही प्रकाशकापुढं आवाज चढवला नव्हता.

रिक्षातूनच ओर्नेल्लाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तुझी काय अडचण झाली आहे, ते नीट सांग. सगळं सांग. मला वेळ आहे." त्या दिवशी पहिल्यांदा ती ऐकत होती आणि मी बोलत होते, स्वारगेटपासून घरापर्यंत.

पुस्तक अजून निघालेलं नाही. दोन ठिकाणी दिलं आहे, एकानं नकार कळवलाय. पण मागच्या महिन्यात तिची नवी कथा आली. इतक्या वर्षांनंतरची पहिली, अडीच पानांची. मी सगळी कामं बाजूला ठेवून मराठी करायला बसले आहे. आठवडा झाला, पहिल्याच वाक्यावर अडकले आहे. या बाईला एक वाक्य सरळ लिहिता येत नाही.